शिमगा : एका सणाच्या नावाचा अर्थ

फाल्गुनी पौर्णिमेच्या सणास महाराष्ट्रात दोन नावे चालतात. एक होळी व दुसरे शिमगा. पैकी पहिल्याचा अर्थ कोणास विचारला तर तो होलिका राक्षसीची कथा सांगून मोकळा होतो. दुसऱ्याचा अर्थ विचारला असता बहुधा मौन, नाही तर थोडेसे हसू, एवढेच उत्तर मिळते. शिमगा म्हणजे बोंब, शिमगा म्हणजे शिवीगाळ, असा जो दुय्यम अर्थ या शब्दास चिकटला आहे, तोच त्याचा मूळ अर्थ होय असे पुष्कळ सुशिक्षितांसही वाटते. आणि म्हणून सभ्य लेखनात होळी हे नाव पसंत करून शिमगा हे नाव मागे सारण्यात येते. प्रस्तुत लेखात या मागे सारलेल्या नावाचा विचार कर्तव्य आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शिमगा हे नाव बोंबेवरून आलेले नसून ऋतूवरून आलेले आहे. आणि ज्या कालगणनेत ते जन्मास आले ती कालगणना व्यवहारातून लुप्त झाली असली, तरी तिचा पुरावा नाशिकच्या लेण्यात कोरलेला आहे.

हा प्रश्न सुचावयास स्थळही कारण झाले आहे. आम्ही राहतो तो लोअर परळ हा मुंबईच्या गिरणगावाचा भाग. इ. स. १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापड गिरणी चालू झाली, आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांची धुराडी परळ, लालबाग, वरळी येथवर पसरली. त्यांत काम करण्यास रत्नागिरी जिल्ह्यातून कोकणी मनुष्य आला व घाटावरून सातारा-पुण्याकडचा आला. डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळी ३२, त्यांच्या एकेका खोलीत एकेका गावची मंडळी राहिली. गणपती व शिमगा या दोन सणांस गावी जाणे हा या मंडळींचा नेम होता. प्रथम भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने, मग एस. टी.ने, आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने हा प्रवास होत आला. आज गिरण्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर हा धंदा पूर्वपदावर आला नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या व विक्रीची दालने उभी आहेत. तथापि कोकणी कुटुंबांत 'शिमग्याला गावी जावयाचे' ही भाषा अद्याप ऐकू येते. एकाच जिन्यावर एक जण होळी म्हणतो व दुसरा शिमगा म्हणतो. तेव्हा ही दोन नावे खरोखरच एकाच वस्तूची आहेत काय, असा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास पडल्यावाचून राहत नाही.

व्यवहारातील प्रयोग पाहू लागलो म्हणजे दोहोंतील भेद स्पष्ट होतो. 'होळी पेटविली', 'होळी रचली', 'होळीत नारळ टाकला' असे आपण म्हणतो; 'शिमगा पेटविला' असे कोणी म्हणत नाही. उलट 'शिमगा आला', 'शिमगा सरला', 'शिमग्याचे दिवस' असे प्रयोग रूढ आहेत. इतकेच नव्हे, तर खेड्यापाड्यांत फाल्गुन मासासच शिमगा म्हणण्याचा परिपाठ आहे. कोकणात फाल्गुन शुद्ध पंचमीस, म्हणजे फाकपंचमीस, शिमग्यास आरंभ होतो. पुढे होम होतो, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, नमन-खेळे होतात, संकासुराचे सोंग नाचते, आणि हे सर्व पौर्णिमेनंतरही कित्येक दिवस चालते. गोमंतकात यासच शिगमो म्हणतात, व त्याचे धाकटो आणि व्हडलो असे दोन प्रकार मानतात. सारांश, होळी हे अग्नीचे नाव आहे व शिमगा हे काळाचे नाव आहे. हा भेद ध्यानात ठेवला असता पुढील विवेचन सुगम होईल.

प्रथम होळीविषयी दोन शब्द. 'होलाका' हा शब्द फार जुना. काठकगृह्यसूत्रात तो राका पौर्णिमेच्या संबंधात आला आहे. आणि जैमिनीच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात होलाकाधिकरण म्हणून एक प्रसिद्ध अधिकरणच आहे. त्यावर भाष्य करताना शबरस्वामी सांगतात की, होलाका हा पौर्वात्यांचा आचार होय. आणि मग असा आचार एकाच प्रदेशापुरता मानावा की सर्वांस लागू धरावा, याची चर्चा होऊन तो सर्वांसाठी आहे असा निर्णय होतो. गिरगावात राहून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी हा सर्व पुरावा एकत्र केला आहे. प्रल्हादाची आत्या होलिका हिची कथा मात्र या ग्रंथांत नाही. विष्णुपुराण व भागवत यांतील प्रल्हादचरित्रातही ती येत नाही. भविष्यपुराणात या सणाची उपपत्ती सांगितली आहे ती निराळीच, म्हणजे रघुराजाच्या राज्यात मुलांस पीडा देणाऱ्या ढुंढा राक्षसीची. तेव्हा नाव आधी व कथा मागाहून, असा हा क्रम आहे. सणाचे नाव प्रचारात राहते, त्याचा अर्थ विस्मृत होतो, आणि मग ते नाव धारण करणारी कोणी देवता अथवा राक्षसी लोक कल्पितात.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशी घडली असे नाही. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा लहानसा देश आहे. तेथील भाषा आर्यभाषाकुलातील असून तिच्यात देवास 'दिएव्स' व अग्नीस 'उगुन्स' म्हणतात, हे संस्कृतज्ञांस कौतुकाचे वाटेल. त्या देशी २३ जूनच्या रात्री, उत्तरायण संपण्याच्या सुमारास, उंचवट्यांवर आगट्या पेटवून, डोक्यावर पानाफुलांची वलये घालून लोक रात्रभर गातात. या उत्सवास तेथेही दोन नावे आहेत. एक 'यानी', हे ख्रिस्ती संत योहानाच्या नावावरून, कारण २४ जून हा त्याचा दिवस. दुसरे 'लीगो', हे त्या रात्रीच्या गाण्यांत पुनःपुन्हा येणाऱ्या ध्रुपदावरून. डोलणे, झुलणे असा अर्थ असलेले क्रियापद त्या भाषेत आहे, त्याच्याशी या ध्रुपदाचा संबंध लावतात. परंतु अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील काही लेखकांनी त्या ध्रुपदातून लीगो नावाची एक देवताच निर्माण केली व तिला आनंदाचे दैवत ठरविले. पुढे क्रिश्यानिस बारोन्स याने इ. स. १८९४ ते १९१५ या काळात त्या देशीची लोकगीते संग्रहरूपाने छापली, तेव्हा मूळ सामग्री अभ्यासकांसमोर आली. यातून आम्हांस घ्यावयाचा धडा एवढाच की, सणाच्या नावाचा अर्थ लावताना कथेच्या मागे न लागता भाषेच्या नियमांस व कालगणनेस विचारावे.

आता शिमगा या शब्दाकडे वळू. हा शब्द ऐकताच 'सीमा' व 'शृंग' हे दोन संस्कृत शब्द सहज आठवतात. होळी गावाच्या सीमेवर पेटवितात म्हणून शिमगा, किंवा सोंगे शिंग फुंकीत येतात म्हणून शिमगा, असे म्हणणे मोठे सोयीचे आहे. परंतु ते टिकत नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधील मकार मराठीत येताना त्याचा वकार होतो. ग्राम याचे गाव, नाम याचे नाव, आणि सीमा याचे शीव. मुंबई बेटाच्या उत्तर टोकास असलेले शीव हे स्थान या नियमाचे जिवंत उदाहरण आहे. तेथे बेटाची सीमा होती म्हणून ते शीव. सीमा या शब्दापासून सणाचे नाव लोकांच्या तोंडी तयार झाले असते तर त्यात मकार राहता ना. शृंग याचे मराठीत शिंग होते; त्यात अनुस्वारापुढे ग आहे, स्वतंत्र मकार नाही, व तो कोठून आला हे सांगता येत नाही. म्हणून ही दोन्ही व्युत्पादने सोडून द्यावी लागतात.

खरा मार्ग बाराव्या शतकातील एका कोशाने दाखविला आहे. आचार्य हेमचंद्राच्या देशीनाममालेत फाल्गुनोत्सव या अर्थी 'सुगिम्हअ' हा प्राकृत शब्द नोंदलेला आहे. हा कोश पिशेल या जर्मन पंडिताने संपादून इ. स. १८८० मध्ये मुंबईसच छापविला. सुगिम्हअ याचे संस्कृत रूप 'सुग्रीष्मक' असे होते. संयुक्त ष्म याचा प्राकृतात म्ह होतो, हा वररुचीपासून सर्व प्राकृत वैयाकरणांस मान्य असलेला नियम. त्यानेच ग्रीष्म याचे गिम्ह झाले. स्म याचीही तीच गत, म्हणून अस्मे याचे अम्हे होऊन त्याचे आपले 'आम्ही' झाले. हा म्ह जोडाक्षरातून आलेला असल्यामुळे सीमेतील मकाराप्रमाणे त्याचा वकार होत नाही; फार तर त्यातील हकार गळतो, जसे ब्राह्मण, बम्हण, बामण. आरंभीच्या सकाराचा पुढे इकार आल्यास मराठीत शकार होतो. सिंग याचे शिंग, सिक्ख यापासून शिकणे. शेवटचा 'अक' हा प्रत्यय प्राकृतात 'अअ' किंवा 'अओ' होऊन मराठीत आकारान्त व कोकणीत ओकारान्त होतो. घोटक याचे मराठीत घोडा व कोकणीत घोडो. याप्रमाणे सुग्रीष्मक, सुगिम्हअ, शिगमो ही परंपरा नीट लागते.

येथे गोमंतकाचे रूप फार उपयोगी पडते. मराठीत शिमगा, म्हणजे आधी म व मग ग. गोमंतकात शिगमो, म्हणजे आधी ग व मग म. सुगिम्हअ या शब्दातही आधी ग व मग म आहे. अर्थात कोकणीने जुना क्रम राखला व मराठीने अक्षरांची अदलाबदल केली. अशी अदलाबदल मराठीस नवी नाही. लघुक याचे लहुअ व त्याचे हळू झाले, त्यातही हेच घडले; आणि आजही आपले गावकरी नुकसानास नुसकान म्हणतात. केवळ मराठी रूप डोळ्यांपुढे ठेवून व्युत्पत्ती शोधणाऱ्यास सीमा व शृंग दिसतात. शेजारचे रूप ताडून पाहिले की ग्रीष्म दिसू लागतो. या साखळीतील एक कडी मात्र इतरांइतकी बळकट नाही, हे सांगितले पाहिजे. 'सु' यातील उकाराचा इकार व्हावा असा सार्वत्रिक नियम नाही. पुढील 'गि' यातील इकाराच्या ओढीने तो झाला असे आम्ही मानतो. परंतु बाकीचे वर्ण, प्रत्यय, अर्थ व प्रत्यक्ष कोशातील नोंद ही चारही अनुकूल असता या एका स्वरासाठी व्युत्पत्ती त्याज्य ठरत नाही.

शब्दाची घडणही अपूर्व नाही. वात्स्यायनाने कामसूत्राच्या नागरकवृत्तात लोकांच्या सार्वत्रिक क्रीडांची नावे दिली आहेत, त्यांत 'सुवसंतक' हे एक आहे. सु हा उपसर्ग, मध्ये ऋतूचे नाव, अंती क. जसा सुवसंतक तसाच सुग्रीष्मक. शुभ असा जो ऋतू त्याच्या आगमनाचा उत्सव, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

आता मुख्य आक्षेप. वाचक म्हणतील, फाल्गुनात ग्रीष्म कोठला? आमच्या पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत व ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म. मग फाल्गुनी पौर्णिमेच्या उत्सवास ग्रीष्माचे नाव कसे? आक्षेप रास्त आहे; आणि त्याच्या उत्तरातच या नावाचे महत्त्व साठविलेले आहे.

सहा ऋतूंची गणना ही एकच गणना आपल्याकडे नव्हती. तिच्या जोडीने वर्षाचे चार-चार महिन्यांचे तीन भाग करण्याची पद्धत होती. ग्रीष्म, वर्षा व हेमंत. वैदिक चातुर्मास्य यागांची मांडणी याच पायावर आहे. फाल्गुनी पौर्णिमेस वैश्वदेव, आषाढीस वरुणप्रघास, कार्तिकीस साकमेध. फाल्गुनी पौर्णिमा हे संवत्सराचे मुख होय असे ब्राह्मणग्रंथांत म्हटले आहे, व लोकमान्य टिळकांनी इ. स. १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' ग्रंथात या वचनाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. परंतु ही पद्धत यज्ञमंडपापुरतीच होती असे कोणी समजू नये. ती या महाराष्ट्राची राजमान्य कालगणना होती, हे सातवाहनांचे शिलालेख सांगतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा प्रसिद्ध लेख आहे; त्यातच गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम वर्णिले आहेत. या लेखात महिन्याचे नाव नाही. मिती दिली आहे ती अशी: ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. आणि ग्रीष्म यासाठी तेथे शब्द आहे तो 'गिम्ह'. इतर लेखांत याच रीतीने वर्षेचे पक्ष मोजलेले आहेत. प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, तीन ऋतूंचे मिळून चोवीस. असा हा हिशेब.

हा गिम्ह ऋतू नेमका केव्हा लागत असे, हे जैनांच्या कल्पसूत्रावरून निश्चित करता येते. भगवान महावीरांच्या जन्माची तिथी तेथे दोन्ही पद्धतींनी सांगितली आहे: ग्रीष्माचा पहिला महिना, दुसरा पक्ष, म्हणजेच चैत्र शुद्ध, त्रयोदशी. ग्रीष्माचा दुसरा पक्ष जर चैत्र शुद्ध, तर पहिला पक्ष त्याच्या लगतचा मागील वद्य पक्ष होय. त्यास पौर्णिमान्त गणनेत चैत्र कृष्ण म्हणतात व आपल्या अमान्त गणनेत फाल्गुन वद्य म्हणतात. म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेची रात्र संपून जो दिवस उगवतो, ज्यास आपण धुळवड म्हणतो, तोच जुन्या ग्रीष्माचा पहिला दिवस. पौर्णिमेस हेमंत सरला. प्रतिपदेस गिम्ह लागला. त्या संधीवरील उत्सव तो सुगिम्हअ. होळी जळली की थंडी पळाली, असे आमच्या आयाबाया म्हणत आल्या आहेत. त्यांनी शिलालेख वाचलेले नव्हते, परंतु शिलालेखातील गोष्ट त्यांस ठाऊक होती.

या दृष्टीने पाहता फाल्गुनी, आषाढी व कार्तिकी या तीन पौर्णिमा म्हणजे जुन्या वर्षाचे तीन दरवाजे होत. त्यांपैकी आषाढी व कार्तिकी यांच्या आसपासच्या एकादशांस वारकरी संप्रदायाने केवढी थोरवी दिली हे सांगावयास नको. तिसऱ्या दरवाजाचे नाव तेवढे सभ्य समाजाने टाकले, आणि ते कोकणातील खेडुतांनी व गिरणगावातील चाळकऱ्यांनी जतन केले.

मग बोंब व शिवीगाळ हा अर्थ आला कोठून? त्याचे उत्तर सणाच्या आचारात आहे, नावात नाही. ढुंढेस पळविण्यासाठी मुलांनी आरडाओरड करावी, वाटेल ते बोलावे, असे भविष्यपुराणातील कथेतच सांगितले आहे. हालाच्या गाथासप्तशतीत फाल्गुनोत्सवात एकमेकांस चिखल माखण्याचा उल्लेख आहे, व त्या दिवशी त्यात दोष मानीत नसत असेही तेथे सूचित होते. वर्षातून एकदा मर्यादा सैल करावयाची, आणि ऋतुसंधी ओलांडला की पुन्हा ती पाळावयाची, असा हा जुना संकेत आहे. सणाच्या एका अंगावरून 'शिमगा करणे' हा वाक्प्रचार निघाला. पुढे तो इतका बळावला की अंगाने अंगीस झाकले. दिवाळे व दिवाळी यांचा नामसादृश्यामुळे कोणी संबंध जोडावा व दिवाळी हा अशुभ शब्द समजावा, तसेच हे झाले.

येथे कोणी असे समजू नये की, होळी हे नाव परके व शिमगा हेच खरे, असा आमचा पक्ष आहे. ग्रंथांतरी होलाका शब्द जुना आहे व त्याची प्रतिष्ठा आहे ती आहे. आमचे म्हणणे इतकेच की, होळी हे अग्नीचे नाव असून ते हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी चालते. शिमगा हे त्या अग्नीने ज्या काळाचे स्वागत करावयाचे त्या काळाचे नाव असून ते विशेषेकरून महाराष्ट्र, कोकण व गोमंतक यांचे आहे. पहिले ठेवून दुसरे टाकले तर सण राहील, पण तो कशासाठी होता हे सांगणारा साक्षीदार नाहीसा होईल.

ही भीती केवळ कल्पित नव्हे. लोअर परळच्या जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले आहे. लोकांस बरी घरे मिळावी यात कोणाचे दुमत असणार? परंतु ज्या जिन्यांवर व गॅलऱ्यांत गावचे शब्द एका पिढीकडून दुसरीकडे जात, ते जिने राहणार नाहीत. ताम्रपट व कागदपत्रे जपण्यास संशोधन मंडळे आहेत. बोलण्यातील शब्द जपण्यास बोलणाऱ्यांवाचून दुसरे दफ्तर नाही. आणि शब्द लाजेने टाकला गेला तर तो विसरण्याहूनही लवकर जातो.

म्हणून इतिहासप्रेमी वाचकांस, व विशेषतः आमच्या शिक्षकबंधूंस, एवढीच विनंती आहे की, मुलांच्या तोंडी शिमगा शब्द आला असता त्यांस गप्प करू नये. त्यांस नाशिकच्या लेण्यातील ती मिती सांगावी, शीव या नावाशी ताडून शब्दाचे वर्ण समजावून द्यावेत, आणि कोकणात कोणाचे आजीआजोबा असल्यास शिमग्यातील विधींची, सोंगांची व पालखीच्या वाटेची नावे त्यांच्याकडून उतरवून आणण्यास सांगावे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाच्या लेखनिकाने जो गिम्ह दगडावर कोरविला, तोच गावी जाणाऱ्या कोकणी माणसाच्या तोंडी आजही आहे. तो ओळखावयाचा राहिला होता, इतकेच.